बनशंकरीतला फकीर

आमचे हे मोहरमात फकीर होतात, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी काय, त्या काळात मुलीला विचारत होतं कोण! लग्न होऊन चिक्कोडीकडच्या त्या खेड्यात आले, अंगाची हळद उतरायच्या आत मोहरमाचा चाँद दिसला, आणि नवरा गळ्यात लाल-हिरवा नाडा बांधून, चपला काढून, काखेत झोळी अडकवून दारोदार मागायला निघाला. मी माजघरात बसून रडले. सासू म्हणाली, "रडू नको ग पोरी. ह्याच्या आधीची सगळी माझ्या मांडीवर गेली. मग पिराच्या पंजापुढं पदर पसरला. म्हटलं, हा जगला तर तुझा फकीर करीन, दरवर्षी पाच घरचं मागून तुला मलिदा घालीन. जगला बघ." मी डोळे पुसले. आमच्या जातीत पीर नाही, मशीद नाही, पण मलिदा आमच्या चुलीवर व्हायचा आणि मुजावर तो पंजापुढं ठेवायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पुढं पुढं तर मला ऐट वाटायला लागली. एरवी आम्हाला कोण विचारतो, दोन एकराची माणसं. पण मोहरमात हे, गावाचे गुंडूअण्णा, दारात उभे राहिले की पाटलीणसुद्धा सुपानं गहू घालायची आणि पाया पडायची. हे तिच्या डोक्यावर मोरपिसं टेकवायचे. मी लांबून बघायची.

ह्या वर्षी मोहरम आला मे महिन्यात आणि आम्ही बेंगळूरला, बनशंकरीत, लेकाच्या घरी. घर म्हणजे भाड्याचं, वरचा मजला. लेक दयानंद कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत. घरात सून एकटी. शुभदा पुण्याची, तीही काँप्युटरवालीच. ह्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, तिनंच डॉक्टर बघितला, तिनंच ऑपरेशन करून घेतलं, दिवसातून चार वेळा हाताचं काम टाकून डोळ्यात थेंब घालायची. पोरगी वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. डॉक्टर म्हणाला, प्रवास नको, धूळ नको, धूर नको. आणि आमच्या गावचा मोहरम म्हणजे धूळ आणि धूरच.

मला वाटलं, हे आता हाय खातील. कसलं काय. म्हणाले, "पीर काय गावातच बसलाय होय? हुसेनसाहेबाचं नाव इथं पण तेच. पाच दारं कुठं बी मिळतील. माझ्या आईनं शब्द दिलाय कृष्णे, मी हाय तोवर तो मोडायचा न्हाई."

मलिदा ठेवायची जागाही ह्यांनीच हुडकली. गल्लीच्या टोकाला एका घरावर काळं निशाण लागलं होतं. शाळेतनं रिटायर झालेल्या हेडमिस्ट्रेस, कनीज बेगम, शिया. हे सरळ आत गेले आणि आमच्याकडच्या मुसलमानांसारखं दख्खनी बोलून त्यांना सगळं सांगून आले. बाई म्हणाल्या, कत्तलच्या रातीला, म्हणजे नवव्या दिवशी, मलिदा घेऊन या, आमच्या अलमपुढं, म्हणजे पंजापुढं, ठेवू. हे घरी आले ते मुलासारखे खूष.

त्या संध्याकाळी ट्रंकेतनं नाडा निघाला, झोळी निघाली, मोरपिसं निघाली. शुभदा ऑफिसातनं आली. सासरे अनवाणी, गळ्यात नाडा, आणि डोळ्यावर ऑपरेशनचा तो मोठा काळा चष्मा. ती आधी हसली. मग मी सगळं सांगितलं तशी तिचं तोंड उतरलं.

मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "आई, प्लीज. इथं लोकांच्या दारात भीक मागायची? समोर माझे साहेब राहतात. लोक म्हणतील मुलगा परदेशात आणि सून म्हाताऱ्याला जेवायला घालत नाही. आणि पद्मावती आंटींनी घर देताना किती चौकशा केल्या होत्या, माहितीये ना? त्यांना काय वाटेल? मी आणून देते ना गहू. दहा किलो आणते."

ह्यांना तसं विचारलं तर म्हणाले, "इकत घेतलेल्याला भिक्षा म्हणत न्हाईत, सूनबाई." आणि झोळीचा उसवलेला बंद शिवायला लागले.

रात्रभर शुभदानं काय विचार केला देव जाणे, सकाळी म्हणाली, "आई, एकच मार्ग आहे. आपण आधीच शेजारी सांगून ठेवू की बाबांना हल्ली विसरायला होतं. आले तर काही देऊ नका, घरी पाठवा. कुणी हसणार नाही, उलट काळजी घेतील. आणि बाबांना दुखवायलाही नको." मी म्हटलं, "अगं, पण..." ती म्हणाली, "मला कन्नड येत नाही. तुम्ही बरोबर या."

आता मी का गेले ते विचाराल. मला गावात ऐट वाटत होती, इथं मला लाज वाटत होती. खरं ते खरं. खालच्या पद्मावतीबाई संध्याकाळी कडक घडीची साडी नेसून फिरायला जायच्या, वाटेत मला थांबवून "ऊट आय्ता?", जेवण झालं का, विचारायच्या, आणि मला त्यांच्याबरोबर दोन शब्द बोलताना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. त्या बाईच्या दारात माझा नवरा झोळी पसरणार, हे काही मला बघवेना. म्हणून गेले. शुभदा शेजारी उभी राहून मान हलवायची आणि बोलायची मी. "नम्म यजमानरिगे स्वल्प मरवु." आमच्या मालकांना थोडं विसरायला होतं. पद्मावतीबाईंना सांगितलं. पलीकडच्या वासंतीला सांगितलं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या हरीरायांना सांगितलं, ते म्हणाले, अय्यो पाप, बिचारे. शुभदाच्या साहेबांना, नरसिंहांना सांगितलं. ते तर आपुलकीनं म्हणाले की आम्ही सगळे लक्ष ठेवू. इतकी गोड माणसं की मला वाटलं, बरं झालं बाई, सुटलो एकदाचं.

एक-दोन दिवसांनी हे निघाले. मी गॅलरीतनं बघत होते. खालचंच दार आधी. "हसन-हुसेनच्या नावानं," अशी हाक दिली. पद्मावतीबाई बाहेर आल्या, "बन्नी अज्जा, कूतकोळ्ळी" म्हणत ह्यांना खुर्चीवर बसवलं, कॉफी दिली, झोळी अलगद काढून बाजूला ठेवली आणि मुलाकरवी ह्यांना वर पोचवलं. हे परत खाली उतरले. वासंतीनं पंख्याखाली बसवून पाणी दिलं आणि दारापर्यंत सोडायला आली. हे परत गेले. उन्हानं रस्ता तापला होता, ह्यांचे पाय मला वरनं दिसत होते, एक उचलायचे, एक टेकवायचे. हरीराय स्वतः काठी टेकत ह्यांना घेऊन आले.

वर येऊन मला म्हणाले, "माणसं लई चांगली हाईत ग हितली. पण घालत का न्हाईत कुणी? मूठभर बी न्हाई." मी म्हटलं, शहर आहे, रीत नसेल माहीत. खोटं बोलायला एकदा सुरुवात केली की पुढचं आपोआप जमतं.

शेवटी नरसिंहांच्या दारात गेले. त्यांनी ह्यांच्या कोपराला धरलं आणि हळूहळू चालवत आणलं. जिन्याखाली उभे राहून बोलत होते, मला वर सगळं ऐकू येत होतं. "ताता, काळजी करू नका. तुमच्या घरच्यांनी आम्हाला सांगून ठेवलंय की तुम्हाला मरवु आहे. रस्ता चुकलात तरी आम्ही आहोत." हे म्हणाले, "कोणी सांगितलं?" ते म्हणाले, "घरच्यांनीच, कन्नडात सांगितलं सगळं नीट." ह्यांनी त्यांना हात जोडले.

वर आले. झोळी खुंटीला लावली. काळा चष्मा काढून पुसला, परत घातला.

"कृष्णे, सुनेला कन्नड किती येतं ग?"

"तिला कुठलं? सरी आणि बेडा, हो आणि नको, एवढंच," मी म्हटलं, आणि म्हणताना मला कळलं त्यांनी काय विचारलं ते.

"हं," एवढंच म्हणाले. रागावले असते, भांडं फेकलं असतं तर मी तोंड सोडून भांडले असते, मला येतं भांडायला.  पण रात्री ताटात भात वाढायला गेले तर हे शांतपणे म्हणाले, "माझं जेवण झालंय का? तूच सांग, मला काय आठवत न्हाई." शुभदा ताटावरनं उठून गेली. मी भाताचा चमचा धरून तशीच उभी. 

मग त्या खुंटीवरच्या झोळीला हात लावला नाही त्यांनी. नाडा गळ्यात होता, पाय उघडे होते, पण गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहायचे. एकदा फक्त म्हणाले, "आईला वर गेल्यावर काय सांगू? गावानं घातलं न्हाई म्हणून सांगू, का बायकूनं घालू दिलं न्हाई म्हणून?" मी तोंडात पदर कोंबून न्हाणीघरात गेले.

कत्तलच्या रातीचा दिवस उजाडला. मलिदा येणार नाही हे कनीजबाईंना सांगायला तरी हवं, म्हणून दुपारी गेले. गावाकडची सवय, मोहरम म्हणजे जत्रा. म्हणून पिवळं इरकल नेसले, डोक्यात मोगरा माळला. दारातनं आत बघते तर खोलीभर बायका, सगळ्या काळ्या कपड्यात, खाली बसलेल्या, अंगावर दागिना नाही. जॉन्सन मार्केटकडनं त्यांचे नातेवाईक आले होते. मी तिथंच दारामागं गजरा ओढून काढला आणि मुठीत धरला. एकीनं सरकून जागा दिली. मला वाटलं होतं दोन शब्द सांगून निघू, पण समोर एक बाई बोलायला लागली होती, उठता येईना.

आमच्या गावच्या मोहरमाच्या पदांत लढाई असते, घोडा असतो, दोन भाऊ असतात. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. ती बाई सांगत होती कूफा म्हणून एका शहराची. तिथल्या लोकांनी हुसेनसाहेबांना निरोपावर निरोप धाडले, या, आम्ही तुमचे आहोत. त्यांनी आधी आपल्या चुलतभावाला पाठवलं, मुस्लिम त्यांचं नाव. शहरानं त्यांना डोक्यावर घेतलं. हजारोंनी हातात हात देऊन शब्द दिला. मग नवा सुभेदार आला, त्यानं धाक घातला, आणि शहर बदललं. कसं बदललं? ती बाई थांबली आणि म्हणाली, मारामारी नाही झाली. बायका आल्या. कुणाची आई आली, कुणाची बायको आली. हाताला धरून म्हणाल्या, चला घरी, बाकीचे आहेत ना, तुम्हीच कशाला? आणि एकेकाला घेऊन गेल्या. संध्याकाळच्या नमाजाला मुस्लिम उभे राहिले तेव्हा मागं थोडेच होते. मशिदीतनं बाहेर पडले तर वाट दाखवायलाही कुणी नाही. ज्या दारांनी शब्द दिला होता ती सगळी दारं बंद. परक्या गावात ते गल्लीगल्लीनं फिरत राहिले. एका दारात एक म्हातारी मुलाची वाट बघत उभी होती, तिनं पाणी दिलं. पाणी पिऊन ते तिथंच बसले. ती म्हणाली, बाबा, पाणी प्यालास, आता आपल्या घरी जा. ते म्हणाले, माई, ह्या गावात मला घर नाही.

सगळ्या बायका हुंदके द्यायला लागल्या, छातीवर हात मारायला लागल्या. मीही रडत होते, पण त्या रडत होत्या मुस्लिमसाठी आणि मी रडत होते ती हाताला धरून नेणारी बायको मीच म्हणून. हे सांगायला तोंड नव्हतं. त्या म्हातारीनं मुस्लिमना लपवलं, आणि तिच्याच मुलानं जाऊन सांगितलं, हे पुढचं मी अर्धंच ऐकलं. शेवटी सरबताचे पेले फिरले. कनीजबाई माझ्याजवळ आल्या, भिजलेल्या डोळ्यांनी विचारलं, "भाईसाहब मलीदा लाएँगे ना?"

नाही, हे सांगायला गेले होते मी. "लाएँगे," म्हणाले आणि पेला न संपवता निघाले.

हे गॅलरीत बसले होते. मी झोळी खुंटीवरनं काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "उठा. मागायला चला."

"मी येडा हाय नव्हं?"

"येडी मी. उठा म्हणते ना."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग उठले. जिना उतरताना मीही चपला काढून ठेवल्या.

पद्मावतीबाईंच्या दारात ह्यांनी हाक दिली, बाई आल्या आणि खुर्ची ओढायला लागल्या. मी पुढं झाले. कन्नडात म्हटलं, ह्यांना काही मरवु नाही. मी खोटं सांगितलं, तप्पायतु, चुकलं माझं. हे मोहरमाचे फकीर आहेत, ह्यांच्या आईचा नवस आहे, मूठभर काही घाला. माझा आवाज एवढा मोठा लागला की समोरच्या खिडकीत माणसं आली. पद्मावतीबाईंनी आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्यांच्या तोंडावर तीच कीव आली जी परवा ह्यांच्यासाठी आली होती. "सरी सरी, कृष्णम्मा," म्हणाल्या, अगदी हळू, लहान मुलाला समजावतात तसं. आत जाऊन गव्हाचं पीठ आणून घातलं. वासंतीनंही घातलं आणि दार लावताना आतल्या कुणाला तरी म्हणाली की आता आजीलाही मरवु लागलंय. खोटं मी बोलले तेव्हा सगळ्यांना पटलं होतं. खरं कुणाला पटेना.

ह्यांनी ते ऐकलं. मी म्हटलं, "अहो, ह्या तर मला येडी समजून घालतायत. हे चालतं का?"

"फकिरानं इचारायचं नसतं कुणी का घातलं ते," हे म्हणाले. "तू चल."

हरीराय अंगणातच होते. मी परत तेच सांगायला लागले, तप्पायतु वगैरे, तर म्हातारा काठी सोडून उठलाच. "बाबय्यन हब्ब! आमच्या मंड्याकडं मोहरमला हेच म्हणतात. माझा थोरला भाऊ पण बाबय्याचा फकीर होता, अशीच झोळी. अहो, मग परवा असं सांगायचं ना. मी ह्यांना दारातनं परत नेऊन सोडलं. फकिराला रिकामं पाठवलं मी."  आत जाऊन डबाच घेऊन आले, सगळा झोळीत उपडा केला आणि ह्यांच्या पाया पडायला वाकले. म्हणजे मला खोटं बोलायची गरजसुद्धा नव्हती. नुसतं खरं सांगितलं असतं तर त्या म्हाताऱ्याला कळलं असतं, आणि मी त्यालाही पापात ओढलं. मी मान खाली घालून रस्त्यावर आले.

नरसिंहांनी दोन्ही हातांनी घातलं, माझ्याकडं न बघता. मग पुढची घरं बघत गेलो तर कुलपं. मे महिना, माणसं गावाला गेलेली. गल्लीच्या ह्या टोकाला कनीजबाईंचं घर, पण जिथं मलिदा ठेवायचा तिथं मागायचं नाही. ऊन उतरलं. पाचवं दार राहिलं ते राहिलंच.

हे परत फिरले आणि आमच्या जिन्यानं वर चढायला लागले. मला वाटलं, थकले. पण दाराशी आले आणि आत न जाता उंबऱ्याबाहेर उभे राहिले. झोळीचं तोंड उघडलं.

"हसन-हुसेनच्या नावानं."

मी घाईनं म्हटलं, "अहो, काय करताय? आपल्याच घरी मागत नसतात. तुमची आईच म्हणायची."

"हे आपलं घर कुठलं?" ते म्हणाले. रागानं नाही, साधं, वार विचारावा तसं. "आपल्या घरात माणसाला येडं ठरवतात व्हय?"

दार उघडंच होतं. शुभदा ऑफिसातनं येऊन आत उभी होती, हातात डोळ्याच्या थेंबांची बाटली. इतके दिवस दुसऱ्यांच्या दारात मी काय बोलते ते तिला कळत नव्हतं. हे मराठी होतं. तिनं बाटली खाली ठेवली, आत गेली, पिठाच्या डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. ओंजळ भरून आली. अर्धं पीठ वाटेतच सांडत होतं. झोळीत घालून तिथंच गुडघ्यावर बसली आणि रडायला लागली. ह्यांनी तिच्या डोक्यावर मोरपिसं टेकवली, पाटलिणीच्या डोक्यावर टेकवायचे तशीच.

मग माझ्याकडं बघितलं, झोळीचं तोंड अजून उघडंच धरून. आत सुनेशेजारी घालणाऱ्यांत उभी राहू, की बाहेर त्यांच्याशेजारी मागणाऱ्यांत, मला कळेना. मला दोन्हीकडं तोंड नव्हतं.